अँटीव्हायरस आत्ताच रिन्यू करू की थांबू?

गेल्या वर्षी नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात माझ्या कॉम्प्युटरच्या उजव्या कोपऱ्यात रोज एक लाल चौकट उगवायची. ‘७४ दिवस उरले, आत्ता रिन्यू करा, २० टक्के सूट.’ टॅली, जीएसटी, बँक, सगळं त्याच मशीनवर. म्हटलं, कटकट नको. १,४७५ चे १,१८० भरले, ईमेलवर आलेला कोड टाकला. स्क्रीनवर आकडा आला ३६५ दिवस. यायला हवे होते ४३९.

कस्टमर केअरचं उत्तर एका ओळीचं: तुम्ही घेतलात तो नवीन लायसन्सचा कोड, रिन्युअलचा नव्हे. म्हणजे जुने ७४ दिवस गेले. दिवसाला ३ रुपये २३ पैसे धरले तर २३९ रुपये. सूट मिळाली २९५ ची, हाती उरले ५६. तेवढ्यात गोखले रोडवर दोघांची मिसळसुद्धा होत नाही.

तेव्हा यंदा नीट तुलना केली.

आत्ताच ऑनलाइन रिन्यू करणं फायद्याचं ठरतं, पण एकाच अटीवर: उरलेले दिवस पुढे जोडले जायला हवेत. काही कंपन्या जोडतात, काहींकडे चालू लायसन्स संपलं की आपोआप सुरू होणारा राखीव कोड ठेवता येतो, आणि काही ठिकाणी नवा कोड टाकला की जुना हिशेब पुसला जातो. पैसे भरण्याआधी चॅटवर विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. फोनवरचं ‘हो सर, होऊन जाईल’ नंतर कामाला येत नाही. आपल्याकडे आहे तीच आवृत्ती घेतोय ना, हेही बघा. इंटरनेट सिक्युरिटी असताना टोटल सिक्युरिटीचा कोड टाकला तर दिवसांचं गणित अनेकदा बदलतं.

दुसरी अडचण मशीनची. नेरुळला माझे काका राहतात. त्यांनी जुन्या डेस्कटॉपसाठी एकदम दोन वर्षांचं रिन्युअल घेतलं, तेही मुदत संपायच्या चार महिने आधी. डेस्कटॉप विंडोज १० चा, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, थांबवला. शेवटी नवा लॅपटॉप घ्यावा लागला. त्यात एका अँटीव्हायरसची वर्षभराची मोफत मुदत आधीच होती. जुनं लायसन्स नव्या मशीनवर नेता येतं बहुतेक वेळा, पण आधी जुन्या मशीनवरून ते काढावं लागतं. काकांनी डेस्कटॉप भंगारवाल्याला देऊन मग मला फोन केला.

दुकानातून अँटीव्हायरसचा बॉक्स आणून ठेवणं आणि त्यातला कोड शेवटच्या आठवड्यात टाकणं मला जास्त पटतं. बॉक्सचं वर्ष साधारणपणे कोड टाकल्या दिवसापासून मोजतात, विकत घेतल्या दिवसापासून नाही. त्यामुळे दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतला आणि नंतर वापरला तरी चालतं. फक्त बॉक्सवर ‘अमुक तारखेपर्यंत अ‍ॅक्टिव्हेट करा’ अशी ओळ आहे का ते पाहा, किती कॉम्प्युटरसाठी आहे ते पाहा आणि जीएसटीचं पक्कं बिल मागा. कोडवरचा चंदेरी पट्टा नाण्याने खरवडलात की दुकानदार बॉक्स परत घेणार नाही. घाई करू नका. आणि कोडात शून्य आहे की इंग्रजी ओ, ते उजेडात बघा.

थांबण्यात धोका आहेच. विसरलात तर संरक्षण बंद, आणि नेमकं रिटर्न भरायच्या आठवड्यात ते होतं. म्हणून शेवटचा दिवस नको, सात-आठ दिवस हातात ठेवा.

ऑटो-रिन्युअलवर सोडून देणं सोयीचं दिसतं, महाग पडतं. पहिल्या वर्षी सवलतीचा दर, पुढच्या वर्षी पूर्ण छापील किंमत, हा नेहमीचा खेळ. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज यावा लागतो. पण १५,००० रुपयांपर्यंत ओटीपी लागत नाही, आणि तो मेसेज शंभर जाहिरातींत बुडतो. यूपीआय ऑटोपे असेल तर अ‍ॅपमध्येच जाऊन बंद करता येतो. मी खरेदी केल्या दिवशीच बंद करतो.

काहीच न घेणं हाही पर्याय आहे, आणि घरच्या कॉम्प्युटरला मी तोच सुचवेन. विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटीव्हायरस असतोच. दुसरा अँटीव्हायरस चालू असला की डिफेंडर मागे राहतो, दुसरा काढला की पुढे येतो. मुदत संपलेलं सॉफ्टवेअर मात्र मशीनवर तसंच ठेवू नका, पूर्ण काढा. काकांना मी हेच सांगितलं: लॅपटॉपची मोफत मुदत संपली की ते काढायचं, डिफेंडर चालू आहे का बघायचं आणि फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवायची. ऑफिसचं वेगळं. तिथे तीन माणसं कुणाकुणाचे पेन ड्राइव्ह लावतात.

‘तुमचं अँटीव्हायरस इतक्या हजारांना रिन्यू झालं, रद्द करायला या नंबरवर फोन करा’ असा ईमेल आला तर फोन करू नका. तो सापळा असतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

यंदाचा बॉक्स महिनाभरापूर्वीच आणलाय. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये स्टॅम्प पॅडखाली पडून आहे, चंदेरी पट्टा शाबूत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर २३ तारखेला लाल गोल आहे. लाल चौकट रोज येतेच, मी रोज बंद करतो.