पिल्सनर की हेलेस: छोट्या ब्रुअरीची लागर निवडताना

छोट्या प्रादेशिक ब्रुअरीची लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवून मुरवलेली बिअर, पहिल्यांदा चाखणाऱ्यापुढे बहुधा पिल्सनर आणि हेलेस हे दोन पर्याय असतात. दोन्ही सोनेरी असतात, मद्यार्काचे प्रमाणही दोन्हींत 5 टक्क्यांच्या आसपास असते. खरा फरक कळतो तो घोट गिळल्यानंतर.

1842 मध्ये बोहेमियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) पिल्सेन शहरात जन्मलेली पिल्सनर हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या फुलांच्या, बळावर उभी राहते. तिला फुलांचा आणि किंचित मसालेदार असा गंध असतो, आणि तिचा कडवटपणा जिभेच्या मागच्या भागावर बराच वेळ रेंगाळतो. हेलेस म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीने 1894 मध्ये, पिल्सनरची वाढती लोकप्रियता पाहून, बाजारात आणली. तिच्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, पुढे असतो: ताज्या पावाच्या मऊ गाभ्याचा वास, हलका गोडवा आणि तोल राखण्यापुरताच कडवटपणा.

कडू चव मनापासून आवडत असेल, तर पिल्सनर घ्यावी. मात्र ब्रुअरीचे कसब जोखायचे असेल, तर मी हेलेसच सुचवेन, कारण तिच्यात दोष झाकायला हॉप्सचा आडोसा नसतो. एकदा एका ब्रुअरीच्या हेलेसचा ग्लास नाकाजवळ नेताच मला उकडलेल्या मक्याचा वास आला; त्याच ब्रुअरीची पिल्सनर मात्र त्याच संध्याकाळी मला निर्दोष वाटली होती. हा वास डायमिथाइल सल्फाइड या रसायनाचा असतो, आणि माल्टचा रस पुरेसा उकळला नाही किंवा उकळल्यावर लवकर थंड केला नाही, तर तो बिअरमध्ये उरतो. लोण्यासारखा वास आला, तर तो बहुतेक वेळा डायअॅसिटिलचा असतो. यीस्टला हे रसायन शोषून घेण्याइतका अवधी मिळालेला नसतो. लागर शून्य अंशाच्या जवळपास कित्येक आठवडे मुरावी लागते आणि तेवढा काळ टाकी अडकून पडते, त्यामुळे मोजक्याच टाक्या असलेल्या ब्रुअरीला ती घाईने बाहेर काढण्याचा मोह होऊ शकतो. जी ब्रुअरी तो आवरते, तिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

बाटली किंवा कॅन घेताना पिल्सनरच्या बाबतीत भरल्याची तारीख अधिक काटेकोरपणे पाहावी, कारण हॉप्सचा गंध लवकर विरतो. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत प्रकाशाने तो बिघडतोही. दोन्ही चाखायच्या असल्यास हेलेस आधी घ्यावी आणि ग्लास 6 ते 8 अंशांपर्यंत येऊ द्यावा, कारण बर्फासारख्या गार बिअरमध्ये माल्टचा वास जाणवतच नाही.