हॉलमधल्या टीव्हीसाठी: पीएस-५, घरी जोडलेला लिनक्सचा बॉक्स, की स्टीम मशीनची वाट?

हॉलच्या टीव्हीवर गेम खेळायला तीन वाटा आहेत: सोनीचा तयार कन्सोल पीएस-५, सुटे भाग जोडून केलेला पीसी ज्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही खुली सिस्टीम चालते, किंवा स्टीम हे ऑनलाइन गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची नवी स्टीम मशीन. घरात ईए एफसी (फुटबॉलचा गेम) किंवा फोर्टनाइटशिवाय कुणाचं पान हलत नसेल, तर सरळ पीएस-५ घ्या. व्हॅलोरंटवाल्यांनी आपला विंडोजचा पीसीच सांभाळावा. हे गेम त्यांच्या अँटी-चीटमुळे (फसवणूक पकडणाऱ्या प्रोग्राममुळे) लिनक्सवर चालत नाहीत आणि त्यावर धड जुगाडही नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय हे असले दोन प्रोग्राम लिनक्सला चालू शकतात, पण ते चालू ठेवायचं की नाही हे गेमवाली कंपनी ठरवते. एपेक्स लेजेंड्स चांगला चालायचा, २०२४ मध्ये कंपनीने लिनक्सवाल्यांना दार बंद केलं. त्याच वर्षी बॅटलआय आल्यावर जीटीए ऑनलाइनही गेलं. जीटीए ५ ची स्टोरी मात्र आजही खेळता येते. ऑनलाइन स्पर्धेच्या गेमपुरती खुल्या, म्हणजे लिनक्सवाल्या, कन्सोलची आशा अजून लंगडीच आहे.

बाकीच्या गेमचं चित्र वेगळं आहे, आणि लोकांना ते पुरेसं माहीत नाही. व्हॉल्व्हने २०१३ मध्ये स्टीमओएस या लिनक्सवर बेतलेल्या आपल्या सिस्टीमची घोषणा केली, २०१५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टीम मशीन बाजारात आल्या आणि पडल्या, कारण लिनक्सवर खेळायला फारसं काही नव्हतं. २०१८ मध्ये प्रोटॉन आला, विंडोजचे गेम लिनक्सवर चालू लागले आणि २०२२ च्या स्टीम डेक या हातात मावणाऱ्या कन्सोलने ते हातात धरून दाखवलं. विचर ३, सायबरपंक २०७७, एल्डन रिंग, हेडीस हे सगळं चालतं. पैसे मोजण्याआधी घरातल्यांच्या आवडीचे गेम प्रोटॉनडीबी या साइटवर एकेक करून तपासा. तिथे खेळणाऱ्यांनीच अनुभव लिहिलेले असतात.

असा बॉक्स घरी जोडायचा, तर माझी पसंती बॅझाइटला. फेडोरा नावाच्या लिनक्सवर बेतलेलं हे लिनक्स सुरू झालं की थेट कंट्रोलरने चालणारा गेम मोड येतो. मोठी माणसं ‘हे कॉम्प्युटर आहे’ म्हणून बिचकत नाहीत. ग्राफिक्स कार्ड एएमडीचंच घ्या. एनव्हिडियावर गेम मोड कुरकुरतो. १०८०पी टीव्हीला ८ जीबीचं आरएक्स ६६०० पुरतं.

ऑफिसातून निघालेले स्वस्त छोटे डेस्कटॉप घेऊन त्यात कार्ड बसवायचा मोह सगळ्यांना होतो. त्यांचा पॉवर सप्लाय बघितल्याशिवाय व्यवहार करू नका. आरएक्स ६६०० ला वेगळी ८ पिनची जोडणी लागते आणि ती या डब्यांत बहुधा नसते. मग लोक आरएक्स ६४०० कडे वळतात. ते बसतं, पण ४ जीबीचं आहे आणि पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या वाटेच्या) फक्त चार लेन वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर आणखी मंदावतं. नव्या कॅबिनेटचा खर्च टाळायला जाऊन हेच पदरी पडतं.

टीव्ही ४के १२० हर्ट्झचा असेल तर आणखी एक गोष्ट. लिनक्सवर कार्ड चालवणाऱ्या एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ (टीव्हीच्या केबलचं नवं मानक) आणायला ते मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नकार दिला, म्हणून पूर्ण दर्जाचा ४के १२० सरळ केबलने मिळेल असं धरून चालू नका. पीएस-५ ला ही भानगड नाही. कन्सोल सुरू केला की टीव्हीही आपोआप सुरू होतो, ते सुखही घरी जोडलेल्या पीसीवर सहसा मिळत नाही.

आता लाइटचं. बीड-परभणीकडे हा प्रश्न ग्राफिक्सच्या आधी येतो. गेम चालू असताना लाइट गेली तर दोन्ही डबे धाडकन बंद होतात. पीएस-५ नंतर स्टोरेज तपासत बसतो. घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा, नाहीतर ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. तो साधारण ३६० वॅट झेलतो, सेव्ह करून बंद करण्यापुरता पुरे. अपडेट बिघडलंच तर बॅझाइटमध्ये सुरू होताना आधीची आवृत्ती निवडता येते. आणि मे महिन्यात ४२ अंशांत, टीव्हीच्या बंद कपाटात यातलं काहीही कोंबू नका.

डाउनलोडमध्ये मात्र खुला बॉक्स बाजी मारतो. रेड डेड रिडेम्प्शन २ ला १५० जीबी जागा लागते. दिवसाला २ जीबीच्या पॅकवर एवढं उतरवायला ७५ दिवस लागतील. संभाजीनगरला फायबर असलेल्या भावाकडून स्टीमचं फोल्डर हार्डडिस्कवर आणता येतं (गेम तुमच्या खात्यावर विकत घेतलेला हवा), मग फक्त उरलेलं अपडेट उतरतं. पीएस-५ ला यावर उतारा डिस्कचा. पण डिस्कवाला मॉडेलच घ्या: २०२४ मध्ये स्लिम आला तेव्हा तो ५४,९९० ला आणि डिजिटल ४४,९९० ला होता. खेळून झालेली डिस्क विकता येते. दोन वर्षांत फरक भरून निघतो. ऑनलाइन खेळायला बहुतेक विकतच्या गेमना पीएस प्लसची वर्गणी लागते, ती धरायला लोक विसरतात.

‘खुला’ या शब्दावर मी फार भाळणार नाही. स्टीमचं दुकान खुलं नाही. जीओजी या दुकानातून घेतलेले गेम मात्र कुलपाविना, म्हणजे कॉपीवर बंधन न ठेवता मिळतात. पण बंद डब्यात काय होऊ शकतं तेही पाहिलंय: पीएस ३ वर लिनक्स टाकायची सोय सोनीने स्वतःच दिली आणि २०१० च्या एका अपडेटने काढून घेतली. घरी जोडलेल्या बॉक्समध्ये उद्या विंडोज टाका, रॅम वाढवा, किंवा पोरगं बारावीला गेलं की गेम मोड काढून अभ्यासाला द्या. लातुरात तरी हा मुद्दा घरच्यांना पटवायला प्रोटॉनपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

राहिली नवी स्टीम मशीन. नोव्हेंबर २०२५ मध्ये घोषणा झाली: एएमडीच्या झेन ४ प्रोसेसरचे सहा कोर, आरडीएनए ३ ग्राफिक्स, १६ जीबी रॅम, ८ जीबी व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी). डबा मनासारखा आहे. पण व्हॉल्व्हने स्टीम डेकसुद्धा भारतात अधिकृतपणे आणला नाही. इथे मिळतात ते आयात केलेले, चढ्या भावाचे आणि कंपनीच्या वॉरंटीविना. जालन्यात बसून त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. स्टीमओएसचं जे सुख आहे, त्यातलं बरंचसं बॅझाइट आजच देतं. फक्त घरात एक माणूस असा हवा जो बिघडल्यावर वैतागणार नाही, उलट खुशीने कीबोर्ड जोडून बसेल. तो नसेल तर पीएस-५.