पोस्टग्रेसमधले इनेट, सीआयडीआर आणि आयपी४आर: काही महिन्यांच्या वापरानंतर

सबनेटची (नेटवर्कच्या लहान भागांची) नोंदवही, सर्व्हरची यादी आणि फायरवॉलचे लॉग, तिन्हींसाठी पोस्टग्रेस डेटाबेसमधले आयपी पत्ते साठवायचे हे डेटा प्रकार वापरून झाले. टेक्स्ट कॉलमकडे परत जाण्याचं एकही कारण सापडलं नाही. आयपीव्ही४ पत्ता इनेटमध्ये ७ बाइटमध्ये बसतो, आयपीव्ही६ १९ बाइटमध्ये, '१९२.१६८.१००.२००' टेक्स्टमध्ये १६ बाइट घेतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चुकीचा पत्ता टेबलात शिरतच नाही.

खरी अडचण एकच, पण मुळातली: इनेट पत्त्यासोबत मास्कही साठवतो, म्हणजे पत्त्याचे पहिले किती बिट नेटवर्कचे हे सांगणारा /२४ सारखा आकडा. त्यामुळे १०.०.०.१/२४ आणि १०.०.०.१/३२ समान ठरत नाहीत आणि यूनिक कन्स्ट्रेंट (पुनरावृत्ती अडवणारा नियम) असूनही एकच मशीन दोनदा नोंदवलं जातं. ज्या कॉलममध्ये फक्त पत्ते हवेत तिथे चेक कन्स्ट्रेंट लावाच: फॅमिली (पत्त्याची आवृत्ती) ४ असेल तर मास्कलेन (मास्कची लांबी) ३२, ६ असेल तर १२८. नेटवर्कसाठी सीआयडीआर घ्या. तो १९२.१६८.१.५/२४ सरळ नाकारतो, कारण मास्कच्या उजवीकडचे बिट शून्य नसतात. ही कडक शिस्त फार उपयोगी पडते. लॉगमधल्या आयपीव्ही४-मॅप्ड पत्त्यांकडेही, म्हणजे आयपीव्ही६ रूपात लिहिलेल्या आयपीव्ही४ पत्त्यांकडेही, लक्ष ठेवा. ते फॅमिली ६ मध्ये मोडतात, म्हणून १०.०.०.०/८ च्या शोधात कधीच येत नाहीत. आत भरतानाच त्यांना साध्या आयपीव्ही४ रूपात आणा.

इंडेक्सवर सगळ्यात जास्त वेळ जातो. 'पत्ता <<= ठरावीक सबनेट' ही अट (पत्ता त्या सबनेटमध्ये आहे का) प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग, नेहमीच्या बी-ट्री इंडेक्सवरही रेंज शोधात बदलतो, पण सबनेट क्वेरीत थेट लिहिलेला असेल तरच. तोच सबनेट जॉइनमधून आला की बी-ट्री कामाचा राहत नाही. आणि उलटा प्रश्न, म्हणजे 'हा पत्ता कोणत्या प्रीफिक्समध्ये (साठवलेल्या सबनेटमध्ये) येतो', त्यासाठी बी-ट्री निरुपयोगीच. तिथे जिस्ट (पोस्टग्रेस ९.४ पासून) किंवा एसपी-जिस्ट (१० पासून) हा इंडेक्स प्रकार लागतो. सर्वांत नेमका प्रीफिक्स हवा असेल तर >>= (सामावून घेतो का) लावून मास्कलेननुसार उतरत्या क्रमाने पहिली ओळ घ्या.

जिस्टवर इनेट_ऑप्स हा ऑपरेटर क्लास (इंडेक्सला कोणत्या तुलना जमतात ते ठरवणारा संच) १८ व्या आवृत्तीपर्यंत नावानिशी लिहावा लागतो, तो डीफॉल्ट नाही. नाव गाळलं तर एरर येतो. बी-ट्री_जिस्ट एक्स्टेन्शन बसवलेलं असेल तर त्याचा क्लास उचलला जातो आणि त्यात && नाही. एकमेकांत घुसणारे सबनेट अडवणारा एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट नेमका && वरच उभा असतो. ही त्रुटी अनेक वर्षं टिकली याचं वाईट वाटतं. व्हीआरएफ (एकाच राउटरमधलं स्वतंत्र रूटिंग टेबल) क्रमांकासोबत असा कन्स्ट्रेंट हवा असेल तर जिस्टच घ्या. एसपी-जिस्टमध्ये एकच की-कॉलम चालतो.

जुना टेक्स्ट कॉलम बदलताना एक वाईट ओळही सगळा बदल मागे फिरवते, आणि टेबल पुन्हा लिहिलं जात असताना त्यावर पूर्ण लॉक असतो. १६ व्या आवृत्तीपासून पीजी_इनपुट_इज_व्हॅलिड आहे. त्याने आधी वाईट ओळी वेगळ्या काढा. त्यात बहुधा '%' नंतर इंटरफेसचं नाव असलेले लिंक-लोकल (फक्त त्याच लिंकवर चालणारे) पत्ते सापडतील. इनेट ते स्वीकारत नाही.

१०.०.०.५ ते १०.०.०.२० असे मास्कमध्ये न बसणारे पट्टे असतील, डीएचसीपी पूलसारखे (मशीनना आपोआप वाटायच्या पत्त्यांचे), तर आयपी४आर एक्स्टेन्शन उत्तम. नुसता पत्ता ४ बाइट, पट्टा ८ बाइट, मास्कचा गोंधळ नाही आणि जिस्टचा क्लास आपोआप मिळतो. क्लाउडवर तयार सेवा घेत असाल तर टेबल आखण्याआधी तिथल्या एक्स्टेन्शनच्या यादीत ते आहे का, हे बघून घ्या.