मॅसी १०३५ की एचएमटी झेटर २५११: जुना ट्रॅक्टर उभा करायचा तर कोणता?

माझ्या भाच्यापुढे सध्या दोन ट्रॅक्टर आहेत. एक गोव्यातल्या डिचोलीत घरच्याच खोपीत कित्येक वर्षं उभा असलेला, आजोबांचा एचएमटी झेटर २५११. दुसरा शेजारच्या सत्तरी तालुक्यात ओळखीतल्या एकाने विकायला काढलेला मॅसी फर्ग्युसन १०३५. पैसे एकावरच घालायचे आहेत. काम ठरलेलं आहे: पावसाळ्यात चिखलणी, वायंगणाला (उन्हाळी भाताला) परत तेच, मधल्या दिवसांत ट्रॉली.

तो म्हणतो, "मामा, झेटरचं इंजिन हाताने फिरतंय, जाम नाही." चांगली गोष्ट आहे, पण निर्णय त्यावर घ्यायचा नाही. लायनर, पिस्टन, रिंगा, बेरिंगं हे झिजणारेच भाग आहेत आणि दोन्ही ट्रॅक्टरांचे अजून मिळतात. क्रँक दहा किंवा वीसच्या साईझला (म्हणजे इंचाचे तितके हजारावे भाग कमी) घासून घेता येतो. आपल्याकडे जमलं नाही तर चोर्ला घाट चढून बेळगावच्या उद्यमबागेत जायचं. खरा खोळंबा होतो तो कधी झिजू नयेत अशा भागांनी: गिअरबॉक्सचं हाऊसिंग, लिफ्टचं (मागची अवजारं उचलणाऱ्या यंत्रणेचं) कव्हर, क्राऊन-पिनियन (मागच्या चाकांना ताकद देणारी दातेरी जोडी). त्यातलं एक फुटलेलं निघालं की ट्रॅक्टर सुट्या अवस्थेत दोन-दोन पावसाळे खोपीत पडून राहतो.

इथे दोघांत मोठा फरक पडतो. १०३५ चेन्नईची टॅफे कंपनी आजही बनवते. सिम्प्सनचं तीन सिलिंडरचं इंजिन इतकं पसरलेलं आहे की ते खोललेलं नाही असा मिस्त्री सापडणं कठीण. झेटरची गोष्ट वेगळी. चेक बनावटीच्या आराखड्यावर एचएमटीने १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टर बनवले आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने तो विभाग बंद करायचं ठरवलं. २५११ दोन सिलिंडरचा, २५ अश्वशक्तीचा, सरळ आणि दणकट. मला तो मनापासून आवडतो. पण आता त्याचा मोठा ओतीव भाग हवा तर दुसऱ्या मेलेल्या झेटरमधूनच काढावा लागतो. म्हणून झेटर उभा करायचा ठरलाच, तर पहिला खर्च रंगाचा किंवा टायरांचा नको. आधी भंगारातला दुसरा २५११ शोधा आणि तो अख्खा घेऊन ठेवा. ठेवायला जागा नसेल तर झेटरचा विचार सोडा.

मॅसी तरी डोळे मिटून घ्यावा असं नाही. त्याच्या लिफ्टचा पंप मागच्या हाऊसिंगच्या आत, तेलात बुडालेला असतो, आणि लिफ्टला वेगळं तेल नसतं. गिअरबॉक्सचंच तेल तिला चालतं. चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलचं सील गेलं की शेतातलं पाणी थेट त्या तेलात उतरतं. तेल दुधासारखं होतं, मग पंपाचे व्हॉल्व आणि बेरिंगं खलास. म्हणून बघायला जाल तेव्हा ट्रॅक्टर आदल्या रात्रीपासून हलवू नका असं मालकाला सांगून ठेवा. सकाळी सुरू करण्यापूर्वी खालचा ड्रेन प्लग जरासा सैल करा. आधी पाणी आलं तर उत्तर मिळालं. नंतर लिफ्टवर नांगर उचलून इंजिन बंद करा. नांगर हळूहळू बसला तर चालेल, झरझर खाली आला तर आत गळती आहे. गळती नुसत्या रिंगेची असेल तर काम स्वस्तात होतं. पाण्याने खाल्लेली लिफ्ट मात्र महाग पडते.

आणखी एक बघा. मॅसीचे नट-बोल्ट इंची मापाचे, झेटरचे मिलिमीटरचे. कुणीतरी इंची भोकात जबरदस्तीने मिलिमीटरचा बोल्ट पिळलेला असतो आणि आटे गेलेले असतात. असे दोन-तीन बोल्ट दिसले की आत कुणाचे हात फिरलेत ते कळतं.

ट्रॅक्टर खाजनात (खाऱ्या पाण्याच्या सखल शेतात) चालला असेल तर दोन्हींना एकच नियम: मडगार्डाखाली, ब्रेकच्या बाजूला आणि पुढच्या ॲक्सलला हातोडीने ठोकून बघा. खाऱ्या पाण्याने सडलेल्या पत्र्यावर नवा रंग अगदी छान बसतो.

पार्ट घ्यायला जाताना जुना पार्ट सोबत न्या, नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका. मी एकदा फोनवरून क्लच प्लेट मागवली, तर आली ती वेगळ्या दात्यांची. दुकानदार परत घेईना आणि चिखलणीचे आठ दिवस फुकट गेले. बेळगावात मिळालं नाही तर कोल्हापूरचं उद्यमनगर. डिझेलचा पंप आणि नोझल मात्र खोलून तपासणाऱ्याकडेच द्या, तिथे डुप्लिकेट माल नको.

तिसरा मार्ग नव्या छोट्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रॅक्टरचा किंवा पॉवर टिलरचा. वाफे लहान आणि मेरा (बांध) अरुंद असतील तर पावणेदोन टनांच्या आसपासचा १०३५ तिथे अडचणच करतो. सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. आपल्या विभागीय कृषी कार्यालयात अनुदानाची चौकशी आधी करा, खरेदीनंतर नको. ट्रॉली ओढायची नसेल तर मी हाच मार्ग धरीन.

भाच्याला ट्रॉली लागते, म्हणून माझं मत मॅसीकडे, तेलात पाणी नसेल तर. आरसीवरचा चेसिस नंबर आणि ट्रॅक्टरवरचा नंबर जुळल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही. झेटरची आरसी अजून आजोबांच्या नावावर आहे. तो ठेवायचा असो वा विकायचा, वारसांच्या नावावर करून घ्यावाच लागेल. काम दिवाळीनंतर लगेच काढायचं. मे महिन्यात खोललेला ट्रॅक्टर मृगाला शेतात उतरलेला मी तरी पाहिला नाही.