नान्नज की ताडोबा?

मामेभाऊ विचारतोय, थंडीत मुलांना वन्यजीव दाखवायला कुठे नेऊ? सोलापुरातून नान्नजचं माळढोक अभयारण्य साधारण वीस किलोमीटर. पहाटे निघा, जेवायला घरी या. चंद्रपूर जिल्ह्यातला ताडोबा व्याघ्रप्रकल्प म्हणजे पाचशेहून जास्त किलोमीटर. मुक्काम, जिप्सी, आगाऊ बुकिंग असा खर्च आहेच, शिवाय मंगळवारी बंद.

काय दिसेल? ताडोबात वाघाची शक्यता चांगली, खात्री कधीच नाही. नान्नजला काळविटांचे कळप, नशीब असेल तर लांडगा आणि गवतावरून अगदी कमी उंचीने तरंगत जाणारे भोवत्या हे शिकारी पक्षी. माळढोक पक्षी मात्र आता दिसेल असं धरून जाऊ नका.

अधिवासाचं म्हणाल तर चंद्रपूरसारखा धडा दुसरीकडे नाही. ताडोबाभोवती कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगांवर वेडी बाभूळ माजते, त्या झुडपांत वाघ-बिबटे आसरा घेतात आणि शेजारीच वस्ती. संघर्ष तिथूनच सुरू होतो. नान्नजकडचं माळरान वेगळ्या कारणाने आक्रसतं: ऊस, विहिरी, विजेच्या तारा. पडीक जमीन म्हणून त्याची कुणाला किंमत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलं लहान, हातात एकच रविवार असेल तर नान्नज. मुलं दहावीच्या पुढची, चार दिवस मोकळे असतील तर ताडोबा. एक दुपार खाणपट्ट्याच्या रस्त्यानेही फिरवा.