वजनकाटा नसलेला दवाखाना

अन्नपूर्णा रोडवरच्या या ॲक्युपंक्चर क्लिनिकला पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कुठे गेला ते पुढे येईलच. बुलिमियातून, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटी करून काढण्याच्या आजारातून, बाहेर पडताना जोडीला म्हणून मी इथे जाते. जोडीला हे नीट वाचा. माझे मानसोपचारतज्ज्ञ, त्यांच्या गोळ्या, डाएटिशियन सगळं चालू आहे, सुयांमुळे त्यातलं काहीही सुटलेलं नाही.

इंदुरात खाण्याचा आजार आहे म्हटलं की समोरचा विचारतो, सराफ्यात (आमचा रात्रीचा खाऊबाजार) काय खाल्लंस? सकाळी पोहे-जिलबी, रात्री सराफा, मधे कुणाकडे तरी हळदीकुंकू. शिवाय 'घे गं, एवढ्याने काय होतंय' आणि 'अगं, किती खातेस' ही दोन्ही वाक्यं आमच्या लोकमान्य नगरातली एकच मावशी एका दमात म्हणू शकते. मला तासभर अशी जागा हवी होती जिथे माझ्या ताटावर आणि अंगावर कुणी बोलणार नाही.

डॉक्टर मराठीच, बोलता बोलता हिंदीत घसरणारे. नाडीला हात लावण्याआधी त्यांनी फाइल मागितली आणि रक्ताच्या रिपोर्टात पोटॅशियम शोधलं. ते उतरलेलं असतं तर आल्या पावली परत पाठवलं असतं, असं तोंडावर म्हणाले. सारख्या उलट्यांनी पोटॅशियम कमी होतं, मग हृदयाचे ठोके बिघडतात, तिथे सुई काय करणार? मला माणूस तिथेच पटला.

मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी, मग जीभ. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे दिसले की चिनी वैद्यकात प्लीहेची शक्ती कमी झाली असं धरतात, आणि अति विचार केल्यानेच प्लीहा थकते म्हणे. आमचा दादा एमबीबीएस. तो म्हणाला, प्लीहा रक्त गाळते, अन्न पचवत नाही. त्याचं बरोबरच आहे. पण जेवणाच्या विचाराने दिवस खाऊन टाकणाऱ्या मुलीला 'विचाराने पोट थकतं' हे ऐकून कुणीतरी आपलं ऐकलंय असं वाटतं, हेही खरं.

भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचा फोटो आहे. सोलापूरचे कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजय बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी ते आपल्याकडे सुरू केलं. २०१९ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने या पद्धतीला स्वतंत्र मान्यता दिली. तरी पाटी दिसली म्हणून आत शिरू नका. शिक्षण विचारा, आणि सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडतात का ते बघा. इथे फोडतात.

सुया केसासारख्या बारीक. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर एक जागा आहे, त्झुसानली. पोटाच्या तक्रारींसाठी तीच आधी. तिथे सुई गेली की दुखत नाही, जड ठणका लागतो आणि तो पायातून खाली उतरतो. मनगटाच्या आतल्या बाजूची नेइगुआन मळमळीसाठी. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या जागेचा बराच अभ्यास झालाय. खाण्याच्या आजारांवर मात्र अभ्यास थोडे आणि लहान आहेत. मला झोप सुधारल्यासारखी वाटते, जेवणानंतरची तडस कमी झाली. ती सुयांनी, गोळ्यांनी की नुसतं पडून राहिल्याने, देव जाणे.

खरा उपयोग झाला तो कानातल्या बियांचा. मोहरीएवढी गोल बी, चिकटपट्टीच्या चौकोनी तुकड्यावर बसवलेली, कानाच्या वरच्या खळगीत शेनमेन नावाच्या जागेवर लावतात. चिमटीत धरून दाबायची. रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा तास माझा सगळ्यात वाईट. तेव्हा बाथरूमकडे न जाता आईशेजारी बसून मालिका बघत कान दाबत बसते. आधी टोचतं, मग कान गरम होतो, आणि हाताला काम मिळतं. आईला वाटतं कान दुखतोय. बुधवारी तेल घाल म्हणाली.

आता या दवाखान्याची मला सगळ्यात आवडलेली बाजू: ते काय करत नाहीत. वजनकाटा नाही. पथ्याची यादी नाही. चिनी वैद्यकात थंड, कच्चं, दुधाचं टाळा असं पुष्कळ असतं, पण डाएटिशियनशी फोनवर बोलल्यावर डॉक्टर म्हणाले, "तुझ्याकडे नियम आधीच ढीगभर आहेत, माझे नकोत." पुड्या-काढे तर मागूनही देत नाहीत. रेवाचिनीसारखी रेचक मुळी आमच्यासारख्यांच्या हातात देणं म्हणजे आगीत तेल. आणि ब्रुसेल्सचा किस्सा त्यांनीच सांगितला: तिथल्या बारीक होण्याच्या क्लिनिकात बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या, त्यात एका मुळीऐवजी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती आली आणि मूत्रपिंडं निकामी झाली. १९९३ मध्ये हे छापून आलं. 'हर्बल आहे, काय होतंय' म्हणणाऱ्या सगळ्या मावश्यांना ही गोष्ट माझ्याकडून भेट.

दीड ताऱ्याची गोष्ट रिसेप्शनची. "दीदी, अब तो चेहरा भर गया आपका!" कौतुकानेच म्हणाली बिचारी, पण माझा तो आठवडा वाया गेला. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी तिला समज दिली. तर पुढच्या वेळी मासिकांच्या ढिगात वरच 'पंधरा दिवसांत पोट सपाट'. असल्या दवाखान्यात ते मासिक येतंच कसं?

चक्कर येत असेल, छातीत धडधड असेल, अन्न अजिबात जात नसेल तर इथे येऊ नका, हॉस्पिटल गाठा. कुणाशी बोलायचंच असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट.

एका बैठकीचे पाचशे. लिफ्ट नाही, जिना चढा. संध्याकाळी सहानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून दुपारची वेळ घ्या. आणि वेटिंगमध्ये वाचायला आपलं पुस्तक न्या.