विभागाचा सर्व्हर, नऊ महिन्यांनी: १८ लाखांचा अर्ज आणि आठ रिकामे स्लॉट

कुंडली आधी सांगून टाकते. दोन इंटेल झिऑन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसर, मिळून २८ कोअर, १२८ जीबी रॅम, सेंटओएस ७ ही लिनक्स प्रणाली. पुण्यातल्या आमच्या विभागात यावर अकरा जण लॉगिन करतात. माझं काम उसाच्या शेतातल्या मातीचं मेटाजीनोम, म्हणजे त्यातल्या सगळ्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएचे तुकडे, जुळवायचं, मेटास्पेड्स या मेमरीखाऊ प्रोग्रॅमवर. ज्यांनी ते केलंय त्यांना पुढे काय झालं असेल ते कळलंच.

पहिले दोन महिने कुरकुर नव्हती. ऑगस्टमध्ये चार दिवस चाललेलं असेम्ब्ली, म्हणजे ही जुळवणी, पाचव्या पहाटे गायब. लॉग मधेच तुटलेला. कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदींत एकच ओळ: 'आउट ऑफ मेमरी: किल प्रोसेस', आणि शेवटी 'ऑर सॅक्रिफाइस चाइल्ड'. जुन्या कर्नलची भाषा अशीच, थेट बळीची. मेमरी संपली की तो सहसा सगळ्यांत जास्त खाणाऱ्याला उडवतो, आणि आमच्याकडे तो मान माझा. दसऱ्यापर्यंत पाच वेळा. वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून ठेवल्यात.

तेव्हाचं माझं मत: भंगार आहे, विका. मॅडम म्हणाल्या, "एवढी चिडलीयेस ना, मग अर्ज तूच लिही." लिहिला. यंत्र कालबाह्य, प्रोसेसर अपुरे, लोड ॲव्हरेज (रांगेतल्या प्रोसेसची सरासरी) १४० पर्यंत जातो, सबब नवीन सर्व्हर मिळावा. कोटेशन १८ लाख ४० हजारांचं. समितीतल्या एका सरांनी दोन प्रश्न विचारले. पाषाणला आयसरमध्ये २०१९ पासून परम ब्रह्म हा महासंगणक आहे. तिथे वेळ का मागत नाही? याला उत्तर होतं: मोठं काम तिथे नेता येईल, पण रोजची दहा मिनिटांची खुडबूड घेऊन तिथल्या रांगेत कोण उभं राहणार. दुसरा प्रश्न, लोड १४० म्हणजे नक्की काय कमी पडतंय? यावर मी गप्प.

म्हणून यंत्राचा भार टिपणाऱ्या 'सार'च्या नोंदी काढायला घेतल्या. दर दहा मिनिटांनी एक, दिवसाला १४४. तीन महिन्यांच्या बघितल्या आणि माझाच अर्ज खोटा निघाला. लोड १४० असताना प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामे बसलेले. लिनक्स डिस्कची वाट बघत थांबलेल्या प्रोसेसनाही लोडमध्ये धरतो, आणि आमच्या सगळ्या थांबल्या होत्या स्वॅपसाठी, म्हणजे रॅम भरल्यावर डिस्कवर जी उधारीची जागा वापरतात तिच्यासाठी. प्रोसेसर बिचारे आमची वाट बघत होते. इथे माझं मत फिरलं. दिवाळीच्या सुट्टीत धूळ काढायला झाकण उघडलं तर रॅमच्या सोळा स्लॉटपैकी आठ रिकामे! यंत्र आलं तेव्हापासून त्यात प्लास्टिकच्या डमी पट्ट्या. मी त्यांचा फोटो काढून मॅडमना पाठवला, मग आईलाही. आईने विचारलं, "हे काय, कंगवे?"

दुसरा अर्ज: ३२ जीबी रॅमच्या आठ पट्ट्या, नऊ हजारांना एक, १८ टक्के जीएसटी धरून ८४,९६० रुपये. १८ लाखांच्या फाइलवर कुणी हिशोबाचं बोट ठेवलं नव्हतं, या ८५ हजारांना सहा आठवडे लागले. यंत्रसामग्रीच्या शीर्षात बसेना, कारण हा सुटा भाग. मग कन्झ्युमेबल्समध्ये घाला म्हटलं, तर लेखा विभागातले काका म्हणाले, "ताई, रॅम वापरून संपते का? नाही ना? मग कन्झ्युमेबल कशी?" काका, ती संपते हीच तर माझी तक्रार आहे, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. शेवटी मॅडमच्या प्रकल्पाच्या आकस्मिक खर्चातून निघाले.

मग पुरवठादाराने एलआरडिम या वेगळ्याच प्रकारच्या पट्ट्या पाठवल्या. आमच्या जुन्या पट्ट्या आरडिम. दोन्ही एकत्र चालत नाहीत, यंत्र सुरूच होईना. पुरवठादार फोनवर, "मॅडम, रॅम म्हणजे रॅमच ना?" बदलून यायला बारा दिवस. तेवढे दिवस जुन्यावरच, आणि सहावी रेघ.

आता ३८४ जीबी. पाच आठवडे झाले, एकही बळी नाही. स्वॅप जवळजवळ शून्य. पूर्वी फाइलींची यादी दाखवणारं 'एलएस' टाइप करून चहा प्यायला जाता यायचं, आता तेवढी सवड मिळत नाही.

एक कबुली राहिली. मेटास्पेड्सला मेमरीची मर्यादा सांगितली नाही तर तो २५० जीबी धरून चालतो. १२८ जीबीच्या यंत्रात ही मर्यादा असून नसल्यासारखी. '-एम ९०' (९० जीबीची मर्यादा) एवढं लिहिलं असतं तर तो आपणहून थांबला असता आणि बाकीच्या दहा जणांचे स्क्रीन गोठले नसते. सहापैकी निदान तीन रेघा माझ्याच खात्यावर. हे दोन्ही अर्जांत आलेलं नाही.

सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, तरी ते तसंच आहे. कुणाची हात लावायची छाती नाही, माझीही नाही. त्यासाठी एक तारा कापते. पाचपैकी चार.

परवा कार्यालयातून फोन आला. १८ लाखांची फाइल मंजुरीच्या टप्प्यात आहे म्हणे, लोडचे ताजे आकडे पाठवा. काल दिवसभरातला सगळ्यांत जास्त लोड २२ होता.